एसएमए, आयपीएस पेशी आणि भाच्याच्या रक्ताचा नमुना: संशोधनासाठी द्यावा का?

राकसकोप (धागा सुरू करणारी)

नमस्कार. आमच्या घरातील एका निर्णयाबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा आहे. तो खानापूर तालुक्यात आईवडिलांजवळ राहतो आणि त्याला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, प्रकार दोन हा स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार आहे. तो आधाराशिवाय बसतो, पण उभा राहू शकत नाही. बहिणीला आमच्या सख्ख्या आत्याच्या घरीच दिलेले आहे. आपल्या भागात अशी लग्ने इतकी सर्रास होतात की निदान होईपर्यंत त्या बाजूने कोणी विचारही केला नव्हता. रिसडिप्लाम या तोंडाने घेण्याच्या औषधाची बाटली पूर्वी सहा लाखांच्या घरात होती. 2025 मध्ये त्याचे जेनेरिक 15,900 रुपयांना आले, तेव्हा ते सुरू करता आले.

आता बेंगळूरच्या एका संशोधन गटाने मुलाच्या, बहिणीच्या आणि भावोजींच्या रक्ताचे नमुने मागितले आहेत. त्या रक्तापासून मूळपेशी तयार करायच्या, त्यांच्यापासून मुलाच्या मज्जारज्जूतल्यासारख्या चेतापेशी घडवायच्या आणि त्यांच्यावर औषधे तपासायची, असे त्यांनी सांगितले आहे. त्याच सुमारास एका खासगी केंद्राकडून मूळपेशींच्या इंजेक्शनांचा प्रस्ताव आला असून त्यासाठी काही लाख रुपये सांगितले आहेत. भावोजींचे म्हणणे असे की दोन्ही मूळपेशीच आहेत; एक जण फुकट रक्त घेणार आणि हाती काही देणार नाही, तर दुसरा पैसे घेऊन निदान उपचार तरी करणार. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. बेंगळूरच्या लोकांचे काम नेमके कसे चालते आणि त्याचा मुलाला काही उपयोग होईल का, हे समजून घ्यायचे आहे.

प्रयोगवही

राकसकोपताई, मी मूळची वडगावची असून बेंगळूरमध्ये पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्याशी संपर्क साधणारा गट आमचा नव्हे, तरीही कामाची पद्धत सगळीकडे जवळपास सारखी असल्याने सविस्तर लिहिते.

जपानमधील क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशींमध्ये चार जनुके कार्यरत करून त्या पेशींना भ्रूणावस्थेतील मूळपेशींसारख्या स्थितीत परत नेले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींवरही हे साध्य झाले. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात आणि त्यांच्यापासून शरीरातील बहुतेक कोणत्याही प्रकारची पेशी घडवता येते. यामानाका यांना 2012 मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण वाढ झालेल्या पेशीतही संपूर्ण शरीर घडवण्याची माहिती शाबूत असते, हे गर्डन यांनी 1962 मध्येच बेडकांवरील प्रयोगांतून दाखवले होते. ही पद्धत येण्यापूर्वी अशा मानवी मूळपेशींसाठी भ्रूणावर अवलंबून राहावे लागे आणि त्यातून नैतिक वाद होत. आता थोडेसे रक्त पुरते.

रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून बहुतेक वेळा सेंडाई नावाच्या विषाणूच्या साहाय्याने ती चार जनुके पेशींत पोहोचवली जातात. हा विषाणू पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिरत नाही आणि काही पिढ्यांनंतर पेशींमधून नाहीसा होतो. तीन-चार आठवड्यांत आयपीएस पेशींच्या वसाहती दिसू लागतात. मात्र त्या खऱ्याच तशा आहेत का, त्यांची गुणसूत्रे शाबूत आहेत का, त्यांत कुठला संसर्ग तर नाही ना, हे तपासून घेण्यात पुढे कित्येक महिने जातात. या काळात गोठ्यातल्या जनावरांप्रमाणे पेशींनाही रविवार नसतो. रोज त्यांचे पोषकद्रव्य बदलून द्यावे लागते. त्यानंतर ठरावीक रसायने ठरावीक क्रमाने देऊन त्यांना चालक चेतापेशींच्या, म्हणजे स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशींच्या, मार्गाला लावतात. एसएमएमध्ये मज्जारज्जूतील नेमक्या याच पेशी मरतात. जिवंत मुलाच्या मज्जारज्जूतून त्या काढून तपासणे शक्य नाही, आणि म्हणूनच या पद्धतीला एवढे महत्त्व आले.

तुमच्या बहिणीचे आणि भावोजींचे रक्त का हवे, याचेही उत्तर देते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने 2009 मध्ये एसएमए झालेल्या एका मुलाच्या आणि त्याच्या निरोगी आईच्या पेशींपासून अशा चालक चेतापेशी बनवल्या. सुरुवातीला दोघांच्या पेशी सारख्याच उगवल्या, पण काही आठवड्यांनंतर मुलाच्या पेशी कमी होत गेल्या आणि आकारानेही लहान राहिल्या, तर आईच्या टिकल्या. आईवडिलांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि मुलाकडे दोन्ही सदोष असतात. बाकीचा आनुवंशिक वारसा बराचसा सामाईक असल्यामुळे जो फरक दिसतो त्याचे कारण शोधणे सोपे होते.

खासगी केंद्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अशी केंद्रे सहसा अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी टोचतात. त्या पेशी मज्जारज्जूत जाऊन चालक चेतापेशी होत नाहीत. शिवाय त्या मुलाच्याच असतील, तर त्यांच्यातही तोच जनुकदोष असणार. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी केले जाणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि तत्सम उपचार वगळता मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीच्या चौकटीत करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नाही. भावोजींनी त्या केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा.

किल्ला_तलाव

मी औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी करून निवृत्त झालो आणि आता टिळकवाडीत राहतो. प्रयोगवही यांनी लिहिलेले सर्व खरे आहे. मात्र त्यांनी ज्या 2009 च्या अभ्यासाचा दाखला दिला, त्याचा पुढचा भाग सांगायला हवा होता. त्याच अभ्यासात मुलाच्या पेशींना व्हॅल्प्रोइक अॅसिड दिले, तेव्हा त्यांच्यात एसएमएन या, एसएमएमध्ये कमी पडणाऱ्या, प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले. हे औषध फिट येण्यावर कित्येक दशके वापरात आहे, स्वस्त आहे आणि कोणत्याही औषध दुकानात मिळते. एसएमएच्या मुलांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ मात्रेशी, तुलना करणाऱ्या चाचणीत चालू न शकणाऱ्या मुलांच्या स्नायूशक्तीत काहीही सुधारणा दिसली नाही. डिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या बशीत, जे वाढले त्याचा मुलाला उपयोग झाला नाही.

दुसरे असे की डिशमधील पेशींना रक्तपुरवठा नाही, यकृत नाही, रोगप्रतिकार यंत्रणा नाही. औषध पोटात गेल्यावर यकृत त्याचे काय करते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचते का, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. तिसरे म्हणजे आयपीएस पेशी घडवताना पेशीचे वय पुसले जाते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या रक्तापासून घडवलेली चेतापेशीसुद्धा गर्भातील पेशीसारखी कोवळी असते. मग पार्किन्सनसारख्या उतारवयातील आजाराचा अभ्यास तिच्यावर कसा करायचा? मी नमुना देऊ नका असे म्हणत नाही. पण यातून औषध मिळेल अशी आशा कुटुंबाला दाखवली गेली असेल, तर ती दिशाभूल आहे.

प्रयोगवही

किल्ला_तलाव सर, व्हॅल्प्रोइक अॅसिडचे उदाहरण अगदी योग्य आहे आणि ते मी पहिल्या प्रतिसादात द्यायला हवे होते, हेही मान्य. मात्र त्याच आजारातील पुढची गोष्ट पाहिली तर चित्र थोडे बदलते.

माणसात एसएमएन1 या जनुकासोबत एसएमएन2 नावाचे जवळपास तसेच दुसरे जनुक असते. एका अक्षराच्या फरकामुळे एसएमएन2 मधून प्रथिन बनताना बहुतेक वेळा सातवा तुकडा गळतो आणि पूर्ण लांबीचे प्रथिन जेमतेम दहा टक्के बनते. एसएमएन1 बिघडलेल्या मुलाचे आयुष्य या दहा टक्क्यांवर चालते, आणि एसएमएन2 च्या प्रती जितक्या जास्त तितका आजार सौम्य. उंदरात मात्र एसएमएन2 हे जनुकच नाही. त्याच्याकडे एकच जनुक असते आणि ते काढून टाकले तर पिल्लू गर्भातच मरते. त्यामुळे मानवी एसएमएन2 घालून खास उंदीर तयार करावे लागले. रिसडिप्लामच्या गटातील रेणू एसएमएन2 चा गळणारा तुकडा परत जोडून घेतात. 2014 मध्ये या रेणूंचा पहिला मोठा अहवाल आला, त्यात अशा उंदरांच्या जोडीने रुग्णांच्या त्वचेच्या पेशी आणि आयपीएसपासून बनवलेल्या चालक चेतापेशीही वापरलेल्या होत्या. 2020 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आज राकसकोपताईंचा भाचा घेत असलेले औषध त्याच वाटेने आलेले आहे. ते एकट्या आयपीएस पेशींचे श्रेय नव्हे. उंदीर, त्वचेच्या पेशी, आयपीएस पेशी आणि शेवटी प्रत्यक्ष मुलांवरील चाचण्या या सगळ्यांतून मिळालेला पुरावा एकमेकांना पूरक ठरला.

आणि प्राण्यांवरील चाचण्यांचा भरवसा किती, हेही पाहा. फियालुरिडीन हे कावीळ ब वरील औषध प्राण्यांत सुरक्षित ठरल्यावर 1993 मध्ये 15 रुग्णांना दिले गेले. त्यांपैकी पाच जण दगावले आणि दोघांचे यकृत बदलावे लागले. अॅलर्जीसाठी सर्रास वापरले जाणारे टरफेनाडीन हृदयाच्या लयीत बिघाड करते म्हणून 1990 च्या दशकाअखेर बाजारातून काढले गेले. आयपीएसपासून बनवलेल्या हृदयपेशी डिशमध्ये आपोआप धडधडतात आणि अशा औषधांनी त्यांची लय बिघडलेली स्पष्ट मोजता येते, म्हणून औषध तपासणीत त्यांचा वापर आता वाढतो आहे. यकृताच्या बाबतीत 2022 मध्ये मानवी यकृतपेशी असलेल्या चिपवर, म्हणजे पेशी वाढवण्याच्या छोट्या साधनावर, 27 औषधे तपासली गेली. माणसाच्या यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी 87 टक्के औषधे चिपने ओळखली आणि निरुपद्रवी औषधांपैकी एकावरही खोटा ठपका ठेवला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि भारतानेही 2023 मध्ये नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेली अवयवाची सूक्ष्म प्रतिकृती) आणि चिप यांवरील निष्कर्ष सादर करण्याची मुभा दिली.

एक गोष्ट मात्र आमच्या क्षेत्रातले लोक फारशी बोलत नाहीत. ‘प्राणीविरहित’ म्हणवल्या जाणाऱ्या या कामात अनेक ठिकाणी पेशी ज्या जेलवर वाढतात, तो उंदराच्या गाठीपासून बनतो, आणि वासराच्या गर्भातील रक्तद्रवही सर्रास वापरला जातो.

निपाणीकर

धाग्यातील चर्चा उत्तम चालली आहे. थोडा वेगळा, पण जवळचाच प्रश्न विचारतो. आमच्याकडे तंबाखूची वखार नाही असा रस्ता सापडणे कठीण, आणि तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण नाही अशी गल्लीही. रक्तापासून बनवलेल्या पेशींऐवजी रुग्णाच्या गाठीतल्याच पेशी वाढवून कोणते औषध लागू पडेल हे आधी पाहता येत नाही का? माझ्या चुलत्यांना केमोथेरपीचा एक प्रकार लागू पडला नाही म्हणून दुसरा द्यावा लागला. मधले सगळे दिवस वाया गेले आणि अंगातली ताकदही.

मार्कंडेय

मी बेळगावात वैद्यकीय व्यवसाय करतो. निपाणीकर, तुम्ही म्हणता त्या कामाला ऑर्गनॉइड म्हणतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या अस्तरातील मूळपेशी ओळखल्या आणि 2009 मध्ये एकेका मूळपेशीपासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढवून दाखवली. येथे पेशीला मागे नेऊन पुन्हा घडवायचे नसते, कारण अवयवात मुळातच असलेल्या मूळपेशी वापरल्या जातात. नेदरलँड्समध्येच 2019 मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींचेही ऑर्गनॉइड वाढवले गेले.

औषध निवडीच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगातला आहे. 2019 च्या एका अभ्यासात रुग्णाच्या गाठीचे ऑर्गनॉइड इरिनोटेकन हे केमोथेरपीचे औषध असलेल्या उपचाराला कसा प्रतिसाद देतात, यावरून त्या रुग्णाचा प्रतिसाद बऱ्याच प्रमाणात आधी सांगता आला. ऑक्झॅलिप्लॅटिन हे दुसरे औषध असलेल्या उपचाराबाबत मात्र तीच पद्धत अपयशी ठरली. म्हणजे एका औषधासाठी डिश खरे बोलली आणि दुसऱ्यासाठी नाही. ऑर्गनॉइडमध्ये फक्त अस्तराच्या पेशी असतात, गाठीभोवतीच्या इतर ऊती आणि रोगप्रतिकारक पेशी नसतात, हे त्यामागचे एक कारण असू शकते. निपाणीतील रुग्णाला ही सोय रोजच्या उपचारात उपलब्ध नाही आणि नजीकच्या काळात होईल असे मला वाटत नाही. गाठ मिळाल्यापासून पुरेसे ऑर्गनॉइड वाढेपर्यंत काही आठवडे जातात, आणि प्रत्येक नमुना वाढतोच असेही नाही.

इरिनोटेकनचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. हे औषध कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून बनते आणि आपल्या पश्चिम घाटातील नरक्याच्या झाडात ते द्रव्य असते. खानापूर, चंदगड, आंबोलीच्या रानातून नरक्याची चोरटी तोड होण्यामागे हीच मागणी आहे. परदेशातील प्रयोगशाळेत ज्या औषधाची परीक्षा होते, त्याचा कच्चा माल आपल्या मागच्या डोंगरात वाढतो, हे येथे फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

शहापूरकर

मी वकील आहे. विज्ञानात मला गती नाही, पण संमतीपत्राविषयी बोलू शकतो. राकसकोपताई, त्या गटाने पाठवलेले कागद कोणत्या भाषेत आहेत? आपल्याकडे नेहमीचा अनुभव असा की डॉक्टर मराठीत बोलतात, परिचारिका मराठीत समजावते आणि सही घेण्याचा कागद मात्र कन्नड किंवा इंग्रजीत असतो. आपण तो न वाचता सही करतो, कारण तोंडी ऐकलेले पुरेसे वाटते. एका सुईसाठी ते चालून जाते. येथे मात्र तुम्ही अशी पेशी देत आहात की जी गोठवून ठेवता येते, अमर्याद वाढवता येते आणि दुसऱ्या संस्थेला, परदेशी कंपनीलाही पाठवता येते. अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीच्या पेशी 1951 मध्ये त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वापरात आहेत आणि त्यांच्या वारसांना त्यासाठी अगदी अलीकडेपर्यंत न्यायालयात भांडावे लागले.

आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक देणे आवश्यक आहे. त्यामुळे बहिणीला मराठीच नीट वाचता येत असेल, तर मराठी प्रत मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. सीमाप्रश्नाशी त्याचा काही संबंध जोडू नये आणि कोणी जोडला तर शांतपणे नियम दाखवावा. दुसरे, त्याच तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमतीही आईवडिलांसमोर घ्यावी लागते. भाचा आठ वर्षांचा आहे म्हणता, म्हणजे त्यालाही विचारले गेले पाहिजे.

कागदावर पाच-सहा गोष्टी शोधा. पेशी किती काळ ठेवल्या जातील? नाव आणि ओळख कशी लपवली जाईल? त्या अन्य संस्थांना किंवा कंपन्यांना दिल्या जातील का? त्यातून व्यावसायिक लाभ झाला तर कुटुंबाचा त्यात काही वाटा असेल का? माघार घेतली तर आधी बनवलेल्या पेशींचे आणि प्रसिद्ध झालेल्या माहितीचे काय होईल? आणि संस्थेच्या नीतिसमितीचा मंजुरी क्रमांक काय आहे? यांपैकी व्यावसायिक वापराचे कलम बहुधा सर्वांत लहान अक्षरात असते.

राकसकोप

सर्वांचे मनापासून आभार. शहापूरकर सर, कागद इंग्रजीत आणि कन्नडमध्येच आहेत. मी मराठी प्रत मागितली आणि त्यांनी ती देण्याचे लगेच मान्य केले, हे नोंदवणे योग्य वाटते. भावोजींनी खासगी केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला, त्यावर ‘ही चाचणी नाही, सिद्ध झालेला उपचार आहे’ असे उत्तर मिळाले. तो प्रस्ताव आता घरात कोणी काढत नाही.

बहिणीचे दोन प्रश्न आहेत. तिच्या मुलाच्या पेशींवर एखादे औषध चांगले चालले, तर ते त्याला द्यायला मिळेल का? आणि एवढ्या मोठ्या जगात आमच्याच मुलाच्या पेशी कशासाठी हव्यात? अमेरिकेत एसएमएच्या पेशी आधीच बनवून ठेवलेल्या आहेत ना?

प्रयोगवही

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर माझ्या मते या संपूर्ण धाग्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. जगातील पेशीसंग्रहांत ठेवलेल्या आयपीएस पेशी मोठ्या प्रमाणावर युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. औषध शरीरात कसे विघटित होते आणि दुष्परिणाम कोणाला होतात, हे ठरवणारी कित्येक जनुके लोकसमूहांनुसार वेगळी असतात. क्लोपिडोग्रेल हे हृदयविकारातले नेहमीचे औषध घ्या. त्याला शरीरात कार्यक्षम करणारे एन्झाइम ज्यांच्यात मंद असते, अशा लोकांचे प्रमाण दक्षिण आशियात युरोपपेक्षा जास्त आहे. शिवाय एसएमएन2 च्या प्रती सारख्या असूनही दोन मुलांच्या आजाराची तीव्रता वेगळी का असते, हे पूर्णपणे उलगडलेले नाही. ते उलगडायचे तर वेगवेगळ्या कुटुंबांच्या पेशी हव्यात, आणि आपल्याकडील नात्यातल्या लग्नांमुळे आईवडिलांकडून एकाच पूर्वजाचा सदोष तुकडा आलेली मुले अभ्यासाच्या दृष्टीने विशेष माहिती देतात. आपल्या भागाबद्दल हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. बेंगळूरमध्येच निम्हान्स हे मानसिक आरोग्याचे रुग्णालय आणि एनसीबीएस व इनस्टेम या संशोधन संस्था यांनी मिळून एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या पेशींवर असे काम केले आहे. त्या आजारांबाबतचे एक परदेशी उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या 2015 च्या अभ्यासात बायपोलर या मनःस्थिती टोकाची बदलणाऱ्या आजाराच्या रुग्णांच्या चेतापेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होताना दिसल्या. लिथियम हे त्या आजारावरचे औषध दिल्यावर ती उत्तेजना उतरली, पण फक्त ज्या रुग्णांना प्रत्यक्ष आयुष्यात लिथियम लागू पडत होते त्यांच्याच पेशींमध्ये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही, थेट मिळणार नाही. संशोधनासाठीची डिश ही निदान करणारी तपासणी नव्हे आणि तिच्या निकालावरून कोणताही जबाबदार डॉक्टर औषध बदलणार नाही. किल्ला_तलाव सरांनी दिलेले व्हॅल्प्रोइक अॅसिडचे उदाहरण याच ठिकाणी लक्षात ठेवावे. फार तर त्या कामातून पुढे चाचणी उभी राहिली, तर मुलाला सहभागी होता येईल का हे पाहता येईल. बहिणीने हे मनाशी पक्के करूनच सही करावी.

किल्ला_तलाव

हे उत्तर स्वच्छ आहे. एवढे स्पष्ट माहितीपत्रकातही लिहिलेले असेल, तर माझा विरोध उरत नाही. पेशींच्या कोवळेपणाचा आक्षेप मात्र कायम आहे. एसएमए बालवयातला आजार असल्याने येथे तो फारसा बाधत नाही, इतकेच.

मार्कंडेय

राकसकोपताई, संशोधनाच्या नमुन्याइतकीच, किंबहुना तुमच्या घरासाठी त्याहून तातडीची एक गोष्ट राहून जाते आहे. दर चाळीस ते पन्नास माणसांमागे साधारण एक जण एसएमएचा वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, असतो, आणि तुमच्या घराण्यात तर तो दोष असल्याचे सिद्धच झाले आहे. तुम्ही बहिणीच्या सख्ख्या बहीण आहात, म्हणजे तुम्ही स्वतः वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमची चुलत-आते-मामे भावंडेही या कक्षेत येतात. घरात आणखी कोणाचे लग्न नात्यात ठरत असेल, किंवा बहिणीला दुसऱ्या मुलाचा विचार करायचा असेल, तर आधी वाहक तपासणी करून घ्यावी. ती साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते, तिला आयपीएस पेशी लागत नाहीत आणि तिचा अहवाल थेट तुमच्या हातात येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका असतो आणि गर्भावस्थेतील तपासणी उपलब्ध आहे. बेळगावात नमुना देऊन बाहेरच्या प्रयोगशाळेतून ती करून घेता येते. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलणे चांगले.

राकसकोप

डॉक्टर, माझे स्वतःचे लग्न अजून व्हायचे आहे आणि मामांकडून विचारणा आलेली आहे. ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. दोष आमच्या वडिलांकडून आला की आईकडून, हे आधी कळणे आवश्यक आहे का?

मार्कंडेय

आवश्यक नाही. बहीण आणि भावोजी हे आत्येकडून जोडलेले आहेत, त्यामुळे दोष वडिलांच्या घराण्यातून आला असण्याची शक्यता जास्त. पण मामांच्या घरातही तो स्वतंत्रपणे असू शकतो. तुम्ही आधी स्वतःची तपासणी करा. तुम्ही वाहक नसाल तर पुढची चिंता जवळपास संपते, कारण ही तपासणी फार थोड्या वाहकांना चुकवते. वाहक निघालात तरच समोरच्याची करावी लागेल. बहिणीचा आणि भाच्याचा जनुकीय अहवाल सोबत न्या, म्हणजे नेमके काय शोधायचे हे प्रयोगशाळेला सांगता येईल.